बोर्डबुवा

चालू असलेल्या वस्तूत ज्याला काडीचा रस नाही, त्याला बोर्डबुवा म्हणावं. तुमचा पंखा फिरतो, फ्रिज गार करतो, मुलगा बारावीला पहिल्या वर्गात आला, असं काही त्याला सांगितलंत तर तो "बरं झालं" म्हणतो आणि रस्त्यावरच्या टेम्पोकडे बघत बसतो. तेच "टीव्ही लागतो हो छान, पण रोज संध्याकाळी एक पट्टा येतो" एवढं म्हणा. लगेच स्टूल पुढं सरकतं, चहाला हाक जाते आणि पहिला प्रश्न येतो, "पट्टा वरून खाली उतरतो का खालून वर चढतो?" तुम्ही म्हणता, लक्ष नाही दिलं. बोर्डबुवाच्या चेहऱ्यावर तुमच्याविषयी जी कीव दिसते, ती जन्मात विसरता येत नाही.

हा नमुना गावोगाव सापडतो. कुठं त्याचा विषय घड्याळं असतो, कुठं पाण्याच्या मोटारी, कुठं जुने रेडिओ. आमच्या अथालच्या बुवांचा विषय त्यामानानं दुर्मीळ. ते पार्लरमधल्या व्हिडिओ गेमचे बोर्ड दुरुस्त करतात. म्हणजे ज्या धंद्याचं गिऱ्हाईक गेल्या वीस वर्षांत मोबाइलनं पळवून नेलं, त्याच्या यंत्रांचे हे शेवटचे वैद्य.

सिल्वासाहून नरोलीच्या वाटेला लागलं आणि दमणगंगेचा पूल ओलांडला की अथाल. शहर म्हणावं तर मागं शेतं आहेत, खेडं म्हणावं तर पुढं पत्र्याच्या शेडी. करसवलतींच्या दिवसांत दादरा-नगरहवेलीत कारखाने आले. कारखान्यांमागून सूत, प्लास्टिक आणि तारा आल्या, आणि त्यांच्यामागून खानदेशापासून ओडिशापर्यंतची पोरं. बुवा धुळ्याकडचे. तरुणपणी मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका दुकानात बोर्ड सोल्डर करायला शिकले, मग पोटासाठी इकडं आले. कारखान्यांतल्या मशिनींची कंट्रोल कार्डं दुरुस्त करून घर चालतं. कार्डांचं काम ते सकाळी अकराच्या आत उरकतात, म्हणजे पुढचा दिवस गेमच्या बोर्डांना मोकळा. त्यांचा स्वतःचा हिशेब साधा आहे : "कार्डाचे पैसे भेटतात भो, पण त्याच्यात फॉल्टच राहत नाही. एक कपॅसिटर फुगेल राहतो. बघितलं, बदललं, झालं. त्याच्यात काय मजा?"

बुवांचा धर्म पाच व्होल्टांचा. बोर्ड घेऊन कोणीही येवो, ते बोर्डाकडे बघत नाहीत. आधी मीटरच्या दोन्ही वायरी हातात घेतात. गिऱ्हाईक म्हणतं, "चित्र येत नाही." बुवा म्हणतात, "पाच किती आहेत?" गिऱ्हाईक गोंधळतं. पाच म्हणजे पाचच असणार. मग प्रवचन सुरू. या बोर्डांवरच्या आयसींना पावणेपाच ते सव्वापाच व्होल्टच चालतात. कमी झाले की बोर्ड सारखा रिसेट होतो, जास्त झाले की जळतो. आणि हे मोजायचं कुठं? वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या तोंडाशी नाही, बोर्डावरच्या आयसीच्या पायाशी. "कारखान्यातून पगार निघतो तेवढा घरी पोचतो का? मधी वाइन शॉप आहे, मधी मटक्याची टपरी आहे. तसाच मधी वायरींचा हार्नेस आहे. तिथून पाच निघतात, इथं साडेचार पोचतात, आणि तुम्ही म्हणता बोर्ड खराब." हे ऐकून गिऱ्हाईक एकदा बोर्डाकडे आणि एकदा स्वतःच्या खिशाकडे बघतं.

हा धर्म दुकानापुरता राहिला असता तर बरं होतं. बुवांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी मीटर असतो. चाळीत सत्यनारायण असला की तीर्थ घेण्याआधी ते आराशीच्या प्लगपाशी वाकतात. एका लग्नात वर आणि वधू अंतरपाटापाशी उभे, भटजींनी मंगलाष्टकं धरलेली आणि माइक कुरकुरायला लागला. बुवा मुंडावळ्यांखालून वाकून स्टेजमागं गेले ते अक्षता संपल्यावर बाहेर आले. वधूपिता आभार मानायला धावला, तर बुवा म्हणाले, "अर्थिंग नाही तुमच्याकडं." मुलीच्या बापाला लग्नाच्या दिवशी असं कोणी सांगतं का?

गेमच्या बोर्डांचा इतिहास त्यांना घराण्याच्या वंशावळीइतका पाठ आहे, आणि ऐकणाऱ्याला घाई असली की तो अधिक सविस्तर होतो. १९७२ च्या 'पाँग'मध्ये प्रोसेसरच नव्हता, साध्या लॉजिक आयसींच्या जुळणीवर चेंडू उडत होता. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये इंटेलचा ८०८० आला, १९८० च्या 'पॅकमॅन'मध्ये झेड-८०. "पण वायरिंग प्रत्येकाचं आपापलं." गेम बदलायचा म्हणजे कॅबिनेटची आतडी बाहेर काढून नव्यानं भरायची. मग १९८५ मध्ये जपानच्या गेम बनवणाऱ्यांच्या संघटनेनं एक कनेक्टर ठरवला. संघटनेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचं नाव 'जामा'. एका अंगाला २८, दुसऱ्या अंगाला २८, एकूण ५६ पट्ट्या. कुठल्या पट्टीवर पाच व्होल्ट, कुठल्यावर बारा, कुठं लाल-हिरवा-निळा, कुठं स्पीकर, कुठं नाण्याचा स्विच, सगळं बांधून दिलेलं. बोर्ड उपसा, दुसरा खुपसा, गेम बदलला.

या एका कनेक्टरनं हिंदुस्थानात पार्लरचा धंदा उभा केला, असं बुवांचं मत आहे आणि ते खोडून काढायला मला तरी काही सापडलेलं नाही. प्लायवूडचा खोका गावचा सुतार करी, पिक्चर ट्यूब जुन्या टीव्हीची, जॉयस्टिकचा दांडा लेथवर काढलेला. फक्त बोर्ड बाहेरून यायचा, आणि तो नीट बसायचा कारण ५६ पट्ट्या जगभर एकाच क्रमानं होत्या. त्या पट्ट्या काळवंडल्या की बुवा शाळेतल्या पोराचं खोडरबर घेऊन घासतात. महागडा स्प्रे त्यांना चालत नाही. निम्मे 'मेलेले' बोर्ड खोडरबरानं उठतात. पण तेव्हा बुवांचा चेहरा बघावा, फसवणूक झाल्यागत होतो. "येवढाच फॉल्ट होता?" असं ते बोर्डालाच विचारतात.

त्यांचं खरं दैवत कॅपकॉम कंपनीची सीपीएस-१ ही यंत्रणा. पूर्वी प्रत्येक गेमसाठी नवा बोर्ड आखायचा म्हणजे खर्चाचं काम. कॅपकॉमनं ठरवलं, पाया एकच ठेवू आणि वरचा मजला बदलू. १९८८ मध्ये 'फरगॉटन वर्ल्ड्स' हा त्यावरचा पहिला गेम आला. पुढं 'फायनल फाइट' आला आणि १९९१ मध्ये 'स्ट्रीट फायटर टू'नं तर जगभरच्या पोरांची शाळा बुडवली. हा बोर्ड बुवा मला दाखवतात तेव्हा आधी हात धुतात. खाली ए बोर्ड : त्यावर १० मेगाहर्ट्झचा ६८००० प्रोसेसर, आवाजासाठी वेगळा झेड-८० आणि यामाहाची आवाजाची चिप. त्यावर बी बोर्ड : रॉमच्या रांगाच रांगा, म्हणजे प्रत्यक्ष गेम. आणि त्याला जोडलेला सी बोर्ड, ज्यावर कॅपकॉमची कुलपाची चिप. दुसऱ्या गेमचा सी बोर्ड लावला तर चित्र येणार नाही, कारण ती चिप गेमागणिक बदलते. बुवा अंगठे चारी कोपऱ्यांना आळीपाळीनं लावत, एकेक मिलिमीटर उचलत बी बोर्ड सोडवतात. कोणी एका बाजूनं ओढला तर खालच्या मोठ्या चिपचे बारीक पाय उचकटतात. एका पार्लरवाल्यानं स्क्रू-ड्रायव्हर घालून बोर्ड उचकटला होता. त्याच्याशी बुवा अजून बोलत नाहीत. त्याच्याकडून पैसे घेतात, पण बोलत नाहीत.

"आता हे बघा," बुवा नखानं दाखवतात, "पडद्यावर ३८४ आडवे, २२४ उभे ठिपके. येवढं चित्र साठवायला त्या काळात मेमरी परवडत नव्हती. म्हणून चित्र साठवतच नाही. ८, १६ आणि ३२ ठिपक्यांचे चौकोन रॉममधून उचलायचे आणि ट्यूबमधला किरण तिथून जाईल त्या क्षणाला मांडायचे. मागची भिंत एक थर, रस्ता एक थर, वरची पाटी तिसरा थर. त्याच्यात माणसं वेगळी सोडेल. किरण खाली पोचला की सगळं पुसलं. सेकंदाला साठ वेळा." मग थोडा वेळ थांबून म्हणतात, "म्हणजे पडद्यावर कधी पूर्ण चित्र नसतंच भो. तुमच्या डोळ्याला वाटतं आहे." एवढं मोठं तत्त्वज्ञान ऐकून मी गप्प झालो, तर बुवा म्हणाले, "म्हणून पट्टा वरून का खालून, ते बघायचं असतं."

या घराण्यातला सगळ्यात लाडका गेम म्हणजे मुस्तफा. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. मार्क शुल्ट्झ या अमेरिकी चित्रकाराच्या कॉमिकवरून कॅपकॉमनं तो १९९३ मध्ये काढला. त्यात चार नायक आहेत, आणि कंपनीच्या मते मुख्य नायक जॅक. पण आपल्याकडच्या पोरांनी जॅकला पहिल्याच दिवशी बाजूला सारलं आणि पिवळ्या टोपीतल्या मुस्तफाला गेम बहाल केला. काश्मीर ते कन्याकुमारी कुठल्याही पार्लरमध्ये 'कॅडिलॅक्स' मागितलात तर मालक तुम्हाला गाड्यांच्या शोरूमचा पत्ता देईल. मुस्तफा म्हणा, लगेच नाणं देईल.

बुवांनी मुस्तफाचे इतके बोर्ड उठवले आहेत की त्याचा एकेक ट्रॅक त्यांना अंधारात सापडेल. त्यात एकूण आठ राऊंड. बुवांनी दुसरा राऊंड पाहिलेला नाही. चित्र आलं, आवाज आला, नाणं पडलं, जॉयस्टिक चारी दिशांना फिरली की त्यांच्या लेखी गेम संपला. मुस्तफा पहिल्या गल्लीत पहिल्या गुंडाला पहिली लाथ मारतो आणि बुवा स्विच बंद करतात. जगातल्या सगळ्या गेमांचं पहिलं मिनिट त्यांना माहीत आहे, शेवट एकाचाही नाही. अमेरिकेतले बोर्ड १९८९ पासून, कोणी खेळत नसताना, एफबीआयच्या शिक्क्यासह 'विजेते नशा करत नाहीत' असा इशारा इंग्रजीत दाखवत. एक असा बोर्ड बुवांकडे आला होता. समोरच्या वाइन शॉपमध्ये शनिवारी गुजरातेतून गाड्या भरभरून येतात, त्या रांगेकडे तोंड करून बुवांनी तो दिवसभर चालू ठेवला. प्रबोधन हा हेतू नव्हता. "हिरवा रंग कमी येतो का बघत होतो" म्हणाले.

दुकानाच्या भिंतीवर देवादिकांच्या तसबिरींशेजारी काचेच्या चौकटीत मुस्तफाचा एक अस्सल कॅपकॉम बोर्ड आहे, त्याला चंदनाचा हार आहे. नवीन माणूस विचारतो, "हे काय?" बुवा म्हणतात, "वारले."

त्यांच्या आयुष्यातली ही मोठी शोकांतिका आहे आणि तिचा दोष ते चोरांना देत नाहीत, मालक कंपनीला देतात. 'स्ट्रीट फायटर टू'च्या नकला फार झाल्या. त्यातली 'रेनबो' नावाची नक्कल तर अशी बेफाम की हवेत उडी मारून आगीचे गोळे सोडता येत, आणि भर मारामारीत स्टार्टचं बटण दाबून आपला खेळाडू बदलता येई. पोरांना अस्सलापेक्षा तीच आवडू लागली, तेव्हा कॅपकॉमला १९९२ मध्ये स्वतःचाच गेम वेगवान करून 'टर्बो' काढावा लागला. पण पुढं कंपनीनं डोकं लावलं. मुस्तफाच्या पिढीतल्या बोर्डांत आणि मग १९९३ च्या सीपीएस-२ मध्ये कुलपाची किल्ली बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत ठेवली. चोरानं उघडून बघायचा प्रयत्न केला की किल्ली नष्ट. चोर फसला. पण दहापंधरा वर्षांनी बॅटरी आपोआप संपली आणि ज्यानं रोख पैसे मोजून अस्सल बोर्ड घेतला होता, त्याचाही बोर्ड बसला. या बॅटरीला जगभरचे कारागीर आत्महत्येची बॅटरी म्हणतात. नकला करणाऱ्यांनी मात्र कुलूपच काढून टाकलं होतं, आवाजाची भारी चिप काढून साधी बसवली होती, त्यामुळं त्यात मरण्याजोगं काही उरलंच नव्हतं.

"खानदानी होता तो गेला," बुवा हाराकडे बघत म्हणतात, "आणि चोरीचा चालून राहिला. परवाच एक आला होता, निम्म्या रंगाचा पत्ता नाही, मुस्तफा बेसूर ओरडतो, पण ठणठणीत."

सीपीएस-२ चं कुलूप पुढं उघडलं, २००७ मध्ये. आंद्रेयास नाईव्ह आणि निकोला साल्मोरिया या दोघांनी ते सोडवलं. यातले साल्मोरिया म्हणजे १९९७ मध्ये 'मेम' हा जुने बोर्ड संगणकावर जिवंत करणारा प्रोग्राम सुरू करणारे इटालियन गृहस्थ. बुवांना त्यांच्याविषयी आदर आहे, पण माफक. "संगणकावर चालतो तो गेम. त्याला ड्राय सोल्डर होत नाही. मग तो कसला बोर्ड?"

अस्सल आणि नक्कल हा विषय निघाला की बुवा हटकून नगरहवेलीच्या इतिहासात शिरतात. १७७९ च्या तहानं पेशव्यांनी पोर्तुगीजांना इथल्या गावांचा महसूल लावून दिला. "महसूल दिला होता, मुलूख नाही. लायसन होतं, मालकी नाही. ते मालक होऊन बसले." यात बुवा एकटे नाहीत. पोर्तुगाल हा तंटा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात घेऊन गेला होता, आणि १९६० च्या निकालात मराठ्यांनी दिलं ते सरंजाम होतं, सार्वभौमत्व नव्हे, हे न्यायालयानंही मान्य केलं. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झालं. त्या लढ्यात सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. पुढची सात वर्षं इथं वरिष्ठ पंचायतीचा कारभार. मग १९६१ मध्ये भारतात विलीन होण्याच्या करारावर सही करायला या चिमुकल्या मुलखाचा कोणी प्रमुख हवा, म्हणून बदलानी नावाच्या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं पंतप्रधान केलं. इतिहासाचे प्राध्यापक या घटनेवर दोन पानं लिहितील. बुवा तीन शब्दांत आटपतात : "जंपर मारला भो." मधला ट्रॅक तुटला की दोन टोकं एका वायरीनं जोडून काम चालवायचं, हा त्यांच्या शास्त्रातला मान्य उपाय आहे.

अशा माणसाकडे एका श्रावणात खानवेलच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याचा मुस्तफा आला. पर्यटकांच्या पोरांना रमवायला त्यानं तो ठेवला होता. बोर्ड नक्कलच. तक्रार अशी : "सहाव्या राऊंडला हँग होतो."

बुवा हसले. "बोर्डाला राऊंड कळत नाही शेठ. बोर्डाला ताप कळतो. सहाव्या राऊंडपर्यंत अर्धा तास होतो, आयसी गरम होतो, हँग होतो."

"नाही बुवा. कितीही वेळ लागो, सहाव्यालाच."

पैज लागली नाही, पण हवेत राहिली. बुवांनी बोर्ड रात्रभर डेमोवर चालू ठेवला. सकाळी मुस्तफा आपला उड्या मारतोय. मग बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणून बोर्ड भाजला. मुस्तफा ठीक, ड्रायर बंद पडला. घरी त्या विषयावर काय बोलणं झालं ते बुवांनी सांगितलं नाही. पण तापाची थिअरी गेली, हे त्यांना पटलं. आता एकच मार्ग उरला. सहाव्या राऊंडपर्यंत कोणीतरी खेळत जायला हवं होतं.

बुवा स्वतः बसले. डाव्या हातात लॉजिक प्रोब, उजव्या हातात जॉयस्टिक. पहिल्या राऊंडच्या म्होरक्यानं त्यांना भिंतीला लावलं. मी बसलो, मला म्होरक्यापर्यंत जाताच आलं नाही. शेवटी चाळीतला नंदुरबारचा एक पोरगा बोलावला. सूतकारखान्यात डॉफर होता, भरलेली बॉबिनं काढून रिकामी लावायचं काम, त्यामुळं बोटं चपळ. सेकंड शिफ्टला जायला दोन तास होते. "काका, एका नाण्यात नेतो," म्हणाला.

आणि निघाला. पोरगा पडद्याकडे, बुवा बोर्डाकडे. संबंध वेळात बुवांनी एकदाही पडद्यावर नजर टाकली नाही. "कितवा?" "तिसरा काका, गाडी आली चालवायला." "गाडी पण आहे?" बुवांनी नवलानं विचारलं, पण मान वळवली नाही. चौथा. पाचवा. दारात चार शिफ्टवाले गोळा झाले. सहावा लागला आणि मुस्तफा एक पाय वर उचलून जागच्या जागी थिजला. गाणं मात्र चालूच.

पोरानं कपाळावर हात मारला. बुवांनी टाळी वाजवली. "हँग झाला! गाणं चालू, चित्र बंद! म्हणजे आवाजाचा आयसी शुद्धीवर, मेन प्रोग्रामच्या रॉममध्ये घाण!" एवढा आनंद त्यांना मुलीच्या साखरपुड्यात झाला नव्हता. मी तिथं होतो.

आता गंमत पुढं आहे. बोर्डावर दोन प्रोग्राम रॉम, एकाच्या पाठीवरचा कागद गायब. या जातीच्या रॉमच्या पाठीवर काचेची खिडकी असते. अतिनील प्रकाश दाखवला की आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून खिडकीवर स्टिकर लावतात. उघडी राहिली तर उन्हात आठवडाभरात आणि ट्यूबलाइटखाली साधारण तीन वर्षांत चिप कोरी होते. हॉटेलवाल्याला फोन लावला. "हो, मीच काढला," तो म्हणाला, "फार मळला होता." बुवांनी फोन ठेवला आणि भिंतीवरच्या स्वर्गवासी बोर्डाकडे बघून हात जोडले.

चिप वाचायच्या यंत्रात घातली. पहिल्या वाचनाची बेरीज एक, दुसऱ्याची दुसरी, तिसऱ्याची तिसरी. अर्धवट पुसलेली, आज एक सांगते, उद्या एक. तिच्या जोडीची धड चिप कुठं मिळेना, कारण प्रत्येक चोराची नक्कल वेगळी. त्या संध्याकाळी बुवांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि मला म्हणाले, "कोणाला सांगू नका." मग पुरवठ्याचं बटण हळूहळू उलटं फिरवायला लागले. ५. ४.८. ४.६. आयुष्यभर लोकांना पाच व्होल्टांचं कीर्तन ऐकवणारा माणूस स्वतःच्या हातानं पाचाच्या खाली उतरत होता. अर्धवट पुसलेल्या चिपला व्होल्टेज कमी दिलं तर विरत चाललेले बिट पुन्हा धरून वाचता येतात, ही युक्ती त्यांना माहीत होती, पण वापरण्याची लाज वाटत होती. ४.४ ला बेरीज स्थिरावली. पुन्हा वाचली, तीच. दहादा वाचली, तीच. बुवांनी घाईघाईनं ती नव्या चिपमध्ये उतरवली, बटण पाचावर आणलं आणि शटर वर केलं. नव्या खिडकीवर गणपतीचा स्टिकर लावला, म्हणजे पुन्हा कोणी काढायला धजायला नको.

दुसऱ्या दिवशी डॉफर परत बसला. आता तर दुकानापुढं रस्त्यापर्यंत गर्दी, शेअर रिक्षावाले इंजिन बंद करून उभे. हॉटेलवालाही आला होता. पाचवा गेला. सहावा लागला, मुस्तफानं पाय उचलला आणि या वेळी तो पाय समोरच्याच्या छातीत बसला. जल्लोष झाला. सहावा पार. सातवा सुरू. पोराकडे अजून दोन जीव शिल्लक होते, गळ्यात घामाची धार, सगळ्यांचे श्वास रोखलेले. आठव्यात वैज्ञानिक फेसेंडेनला गाठायचं, मग शेवट. अथालमध्ये तो शेवट त्या दिवसापर्यंत कोणी पाहिलेला नव्हता.

बुवांनी खाली वाकून प्लग उपसला.

पडदा काळा. क्षणभर कोणाच्या तोंडून शब्द फुटला नाही, मग जो आरडाओरडा झाला त्यात मला अहिराणी, गुजराती, उडिया आणि भोजपुरी एवढ्या भाषा वेगळ्या ओळखू आल्या. डॉफर रडायच्या बेतात. "काका, काहून बंद केला? सातवा चालू होता ना!"

"तक्रार सहाव्याची होती," बुवा म्हणाले, आणि बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून हॉटेलवाल्याच्या हातात ठेवला. बरोबर बिल दिलं. त्यावर रकमेखाली त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'राऊंड ६ पर्यंत ओके. पुढची गॅरंटी नाही.'